गाऱ्हाण्याचा मान

सदा, तुझ्या शोकसभेत मी उठलो आणि सगळ्यांना सांगितलं की गाऱ्हाण्याची कल्पना माझी होती.

उठलो होतो तुझ्याबद्दल चार बरे शब्द बोलायला. ते पाठही केले होते. पण माझ्याआधी जो जो उठला तो तुझ्या वर्गातल्या गाऱ्हाण्याबद्दलच बोलला. आधी सरपंच, मग तुझी एक जुनी विद्यार्थिनी, मग मिरजोळ्याच्या कारखान्यातून पाळी संपवून तशीच आलेली एक आई. प्रत्येकाचं म्हणणं एकच, की सदागुरुजींनी काय डोकं चालवलं. माझी पाळी आली तेव्हा पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं आणि तोंडातून पहिलं वाक्य तेच निघालं. सभेत शांतता पसरली. एवढी शांतता मला माझ्या वर्गात कधी मिळालेली नाही. मुख्याध्यापिका मोहितेबाईंनी मागून माझा शर्ट ओढला. मला वाटलं, त्या म्हणतायत, जरा सविस्तर सांगा. म्हणून मी सविस्तरही सांगितलं.

तू समोर हार घालून हसत होतास. तो फोटो सहलीत मी काढलेला आहे, म्हणून एवढा चांगला आलाय. पण हे मी सभेत बोललो नाही. तेवढी अक्कल शिल्लक होती.

आणि गर्दी तरी किती? व्हरांडा भरला, पटांगण भरलं, लोक कुंपणाच्या गडग्यावर बसले. मरायलाही तू मे महिना निवडलास. सगळे चाकरमानी गावी आलेले, आखातातले सुट्टीवर आलेले, पोरांना सुट्टी. मी गेलो तर नक्की ऑगस्टमध्ये जाणार, घटक चाचणीच्या दुसऱ्या दिवशी, आणि मोहितेबाई म्हणणार, पेपर तपासून तरी जायचं होतं.

बातमी आली तेव्हा मी राजापूरला घरी फणस फोडत होतो. दोन्ही हात चिकानं भरलेले. फोन बायकोनं माझ्या कानाला धरला. ऐकलं आणि हात तसेच वर धरून उभा राहिलो. डोळे पुसायलाही हात मोकळे नव्हते. बायको म्हणाली, बसा. पण चिकाच्या हातांनी कुठे बसणार? उभ्यानंच रडलो, आणि रडता रडता मनात काय आलं सांगू? आता जूनमध्ये तुझी चौथीची पोरं माझ्या पाचवीत येणार, आणि तू नसणार.

तिसरी-चौथी तुझी, पाचवी माझी, मधे एक पातळ भिंत. दोघांचं डीएड एकाच वर्षीचं, पगार सारखा, टक्कलही साधारण एकाच वेगानं पडत गेलं. तरी तुला पोरं गुरुजी म्हणायची आणि मला सर. यात फरक काय, असं तू विचारायचास. अरे, गुरुजी म्हटल्यावर पोरगं पुढे येतं आणि सर म्हटल्यावर दोन पावलं मागे जातं, हा फरक. मला तो भिंतीतून रोज ऐकू यायचा.

गाऱ्हाणं काय असतं ते तुला सांगायला नको. पण हे वाचणाऱ्यांत कुणी घाटावरचे असतील, म्हणून सांगतो. आमच्याकडे देवळात एक जाणता माणूस हात जोडून उभा राहतो आणि गावाच्या वतीनं देवाला सांगतो, की म्हाराजा, अमक्याचा मुलगा मुंबईला आहे त्याला सांभाळ, तमकीचं लग्न रखडलंय ते मार्गी लाव. प्रत्येक मागणीनंतर सगळे एका आवाजात म्हणतात, व्हय म्हाराजा. आमच्या गावात हा मान आमच्या घराण्याचा. माझ्या आजोबांनी देवळात गाऱ्हाणं सुरू केलं की नदीपलीकडची म्हैस मान वर करायची, असं म्हणतात. तुझ्या घराण्याला कसलाच मान नव्हता, हे तूच हसत सांगायचास.

तर ज्या वर्षी हे सगळं सुरू झालं त्या जूनमध्ये, मधल्या सुट्टीत, तू कधी नव्हे तो रडकुंडीला आला होतास. तुझ्या तिसरीत तीन ढीग बसत होते. वाडीतली पोरं एका बाजूला, खाडीकडच्या मुसलमान मच्छीमारांची दुसऱ्या बाजूला, आणि एमआयडीसीत कामाला आलेल्या बाहेरच्या माणसांची, घरात हिंदी नाहीतर कानडी बोलणारी, दाराजवळ. कुणी कुणाला पाणी देत नव्हतं. निम्मी रडत होती, उरलेली रडणाऱ्यांकडे बघत होती. तू म्हणालास, पहिल्या आठवड्यात वर्ग बसला नाही तर वर्षभर बसत नाही. मी तुला उपाय वगैरे काही सांगितला नाही, सदा. तुला हसवावं म्हणून उठलो, मोहितेबाईंच्या रिकाम्या खुर्चीपुढे हात जोडले आणि आमच्या घराण्याच्या आवाजात गाऱ्हाणं घातलं. "म्हाराजा, बाईंची गाडी रोज हातखंब्याला पंक्चर होऊंदे, आणि आमच्या कोऱ्या टाचणवह्या त्यांच्या नजरेला न पडूंदे." तू एकटाच व्हय म्हाराजा म्हणालास आणि चहा तुझ्या नाकातून आला.

माझी कल्पना म्हणतात ती एवढीच. पण होती माझी.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला, व्हय म्हाराजा. आधी बारीक, मग जरा मोठा. मी पाचवीला लसावि सोडवायला देऊन तुझ्या वर्गाच्या खिडकीशी आलो. तू तुझी खुर्ची कोपऱ्यात नेऊन ठेवली होतीस, रिकामी. पोरं गोल करून जमिनीवर, तूही त्यांच्यातच मांडी घालून. गाऱ्हाणं पोरं घालत होती, खुर्चीला. नियम एकच होता, तो मला नंतर कळला. स्वतःसाठी काही मागायचं नाही, वर्गातल्या दुसऱ्या कुणासाठी मागायचं. आणि दुसऱ्यासाठी मागायचं तर त्याला काय हवंय ते आधी विचारून यायला लागतं. म्हणून तुझ्या वर्गात रोज पोरं आधी एकमेकांना विचारत फिरायची, तुझं काय दुखतं, तुला कसली भीती वाटते, तुला कुणाशेजारी बसायचंय. ढीग कधी मोडले ते कुणाला कळलंही नाही. तुलाही नसेल कळलं. तू तेव्हा कुणाची तरी पाटी पुसत असशील.

अश्रफभाई आले होते तो दिवस आठवतो? आखातातून सुट्टीवर आलेले, मुलगी तुझ्या तिसरीत. मी व्हरांड्यात होतो, कान तुमच्याकडे. त्यांनी अगदी हळू विचारलं, गुरुजी, पोरीला हा कुठला देव शिकवता? मी मनात म्हटलं, आता सापडला. पक्का सापडला. तू म्हणालास, "देव कुठला, खुर्ची हाय ती. तुम्ही बसा तर खरे." ते पांढरीशुभ्र पँट घालून जमिनीवर बसले. वाडीतल्या एका पोरानं त्यांच्याच मुलीसाठी गाऱ्हाणं घातलं, की म्हाराजा, हिच्या घरात फोन लागत नाय, बापाशी बोलायला हिला वर सड्याच्या माळावर जावं लागतं, आणि घरचे तिला एकटीला सोडत नायत, तर तिच्याबरोबर कुणीतरी जाऊंदे. व्हय म्हाराजा म्हणणाऱ्यांत सर्वांत मोठा आवाज अश्रफभाईंचा होता. मला वाईट वाटलं, सदा. चांगलं वाटायला हवं होतं, पण वाईट वाटलं. तू सुटलास म्हणून.

पुढच्या जूनला मी माझ्या वर्गात गाऱ्हाणं सुरू केलं. मान माझा, आवाज माझा, मग मागे का राहू? मी खुर्ची हलवली नाही. तिच्यावरच उभा राहिलो. आजोबांना लाज वाटू नये असा सूर लावला आणि मागितलं, की म्हाराजा, ही पोरं गडबड न करूंदेत, गृहपाठ वेळेवर आणूंदेत, नखं कापूंदेत, आणि माझ्या घशाला आराम पडूंदे. पोरं दणकून व्हय म्हाराजा म्हणाली. मला वाटलं, जिंकलं. दुसऱ्या दिवसापासून मी काहीही म्हटलं की तेच उत्तर. सातचा पाढा म्हण. व्हय म्हाराजा. खडू कुणी घेतला? व्हय म्हाराजा. त्या आठवड्यात केंद्रप्रमुख तपासणीला आले. त्यांनी प्रेमानं विचारलं, बाळांनो, पाऊस कसा पडतो? बाळांनी काय उत्तर दिलं ते सांगायला नको. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी पटकन म्हणालो, हे शेजारच्या वर्गातून आलंय.

तू दारात उभा होतास. म्हणालास, "व्हय, माझ्याच वर्गातलं हाय ते." एवढंच. साहेब तुझ्या वर्गात गेले ते मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी बाहेर येईनात. आले ते तुझ्या खांद्यावर हात ठेवून. मग केंद्राच्या शिक्षण परिषदेत तुझं सादरीकरण, मग तालुक्याला, मग कुठे कुठे. तुला तिथवर पोचवणारा मीच. तुला अडकवायला गेलो आणि पालखीत बसवून आलो.

त्या शिक्षण परिषदेवरून आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. मी म्हणायचो, तिथे सांगायचं होतंस की कल्पना राजापूरकराची. तू मला नेहमी राजापूरकरच म्हणायचास, माझं आडनाव दुसरंच असून. तू म्हणायचास, सांगितलं मी. मी म्हणायचो, मग कुणी बोललं कसं नाही माझ्यापाशी? तू म्हणायचास, ते मी कसं सांगू? एकदा मात्र वैतागून म्हणालास, "तूच सांगत जा ना सगळ्यांना. मग ते बघायला येतील, तुझ्या वर्गात कसं चालतं ते." त्यानंतर स्नेहसंमेलन होईस्तोवर मी तुझ्याशी बोललो नाही. एकाच नाटकाची तालीम घेत होतो आपण, आणि निरोप पोरांकरवी धाडत होतो. पोरांना तेच नाटक जास्त आवडलं.

खरं दुखणं वेगळंच होतं. दर जूनला तुझी चौथी माझी पाचवी व्हायची आणि मधली सुट्टी झाली रे झाली की तुझ्या दाराशी जाऊन उभी राहायची. मी मोहितेबाईंकडे तक्रार केली, की पाचवीची पोरं खालच्या वर्गात जातात, शिस्त बिघडते. बाईंनी तुला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तूच डबा घेऊन माझ्या वर्गात आलास, मागे बसलास, भाकरी सोडलीस, सुकटाचा वास सगळीकडे. पोरं पण बसली. मी फणकारलो, आता माझ्या वर्गातही तूच का? तू घास हातात धरून म्हणालास, "मी तुझ्याकडे जेवायला आलोय, राजापूरकर." मला यावर काही बोलता आलं असतं. ये, म्हणता आलं असतं. मी फळा पुसत राहिलो. स्वच्छ होता फळा.

सभेनंतर दोन दिवसांनी मी तुझ्या घरी गेलो, वहिनींची माफी मागायला. त्यांनी चहा दिला. मी म्हटलं, सभेत जे बोललो ते बोलायला नको होतं. त्या म्हणाल्या, "खरंच होतं की ते. हे जातील तिथे सांगायचे, कल्पना माझ्या मित्राची. लोक विचारायचे, मग त्यांच्या वर्गात चालतं का? मग हे विषय बदलायचे." असं म्हणून त्यांनी बशीत अजून दोन बिस्किटं ठेवली. म्हणजे भांडण मी जिंकलो, सदा. इतकी वर्षं भांडून जिंकलो आणि जिंकल्याचं तोंडावर सांगायला समोर तू नाहीस. एखाद्याची जिरवायची म्हटलं तर तो निदान हजर तरी पाहिजे.

आणि विषय बदलायचास, हे मला जास्त लागलं. तू मला वाचवत होतास म्हणे. कुणी सांगितलं होतं?

यंदा सुट्टी लागायच्या आधी, निकालाच्या दिवशी, तू माझ्याबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत चालत आलास. हातात काही नव्हतं, तुझ्या चौथीची सगळी पोरं तोंडपाठ. ह्याला खिडकीशी बसव, तिला चष्मा लागलाय पण ती लपवते, सोनू बोलत नाही पण त्याचं कारण... तेवढ्यात राजापूरची गाडी दिसली. मी म्हटलं, मला डोळे आहेत, बघेन मी. तू म्हणालास, बघशील रे, पण ऐक तरी. मी चढलो. खिडकीतून बघितलं तर तू थांब्यावर उभा राहून अजून काहीतरी सांगत होतास, गाडीच्या आवाजात. मी हात हलवला. शहाण्यासारखा. म्हणजे तुझा निम्मा वर्ग मला माहीत होता आणि निम्मा तू घेऊन गेलास.

शाळा उघडायच्या आधी मी काय काय केलं ते ऐकलंस तर पुन्हा नाकातून चहा येईल. दोन पाट्या रंगवल्या, एकीवर 'हसत शिकूया', दुसरीवर 'आपला वर्ग, आपलं घर'. फुगे आणले. आरशापुढे हसायचा सराव केला. बायको म्हणाली, पोरं घाबरतील. पहिलीच्या पोरांना ओवाळून, फुलं देऊन आत घेत होते, पटांगणात ढोल वाजत होता, आणि मी माझ्या वर्गात फुग्यांखाली उभा. मला एवढंच हवं होतं, सदा. तुझ्या पोरांनी एकदा, पहिल्याच दिवशी, माझ्याकडे बघावं. तुझी जागा नको होती. खोटं कशाला बोलू, तुझीच जागा हवी होती.

पोरं आली. तू गेल्यानंतर ती पहिल्यांदाच सगळी एका ठिकाणी जमत होती. कुणी धावलं नाही, कुणी बाकासाठी भांडलं नाही. वाटेत तुझ्या वर्गाचं दार लागतं, त्याला कुलूप होतं, नवीन शिक्षक यायचेत अजून. प्रत्येक पोर त्या कुलपाकडे बघून आत आलं आणि खाली मान घालून बसलं. मी भाषण सुरू केलं. आनंददायी शिक्षण म्हटलं, नवी उमेद म्हटलं. एक फुगा फुटला. कुणी हसलं नाही.

मग पुढच्या बाकावरची तन्वी उठली. ती कोण, ते सांगायच्या आत माझी एसटी आली होती. तिनं मला काही विचारलं नाही. दोघा-तिघांना खूण केली, माझी खुर्ची उचलली आणि कोपऱ्यात नेऊन ठेवली. बाकं भिंतीला लावली. गोल केला. मी मधे उभा राहिलो होतो तर एकानं माझा हात धरून मला बाजूला घेतलं, कपाट सरकवतात तसं. बसायला जागा होती ती सोनूशेजारी, म्हणून तिथे बसलो. गुडघ्यांनी कुरकुर केली. एवढ्या वर्षांत मी माझ्या वर्गाच्या जमिनीवर बसलेलो नव्हतो. तिथून फळा फार उंच दिसतो.

पहिलं गाऱ्हाणं सोनूसाठी होतं. एका मुलीनं घातलं, की म्हाराजा, सोनूचा बाप रात्रपाळी करून दिवसा झोपतो, घर एका खोलीचं, सोनूला घरी तोंड उघडता येत नाय, बोलायची सवयच गेली त्याची, तर त्याला शाळेत मोठ्यानं बोलूंदे. व्हय म्हाराजा. सोनू माझ्या शेजारी मान खाली घालून हसत होता. थांब्यावर तू हेच सांगत होतास ना? मग चष्म्यावालीसाठी, मग अजून कुणासाठी. एकही गाऱ्हाणं तुझ्यासाठी नव्हतं. तुझं नावही कुणी घेतलं नाही आणि वर्ग मात्र तूच घेत होतास. गेल्यावरसुद्धा. मला तुझा इतका हेवा वाटला, सदा, की मी जमिनीवर हात टेकवून बसलो. आणि तसाच बसलेला असताना माझ्या लक्षात आलं की माझा आवाजही त्यांच्या आवाजात आहे. कधीपासून, ते मला आठवेना. आमच्या घराण्यात गाऱ्हाणं घालणारे पुष्कळ झाले. खाली बसून व्हय म्हणणारा बहुतेक मी पहिलाच. ही गोष्ट तू मला दिलीस, आणि ती मी तुझ्याकडून घेतलीय, हे मी कुणापुढेही कबूल करणार नाही. इथे लिहिलं तेवढं पुरे.

शेवटी तन्वी उभी राहिली. हात जोडले, खुर्चीकडे बघितलं.

"म्हाराजा," ती म्हणाली, "ह्ये आमचे पाचवीचे सर. ह्ये आनि गुरुजी रोज भांडायचे. भिंतीतून आमाला सगळा ऐकू यायचा. आता ह्यांना भांडायला कोन नाय. तर म्हाराजा, ह्यांना..."

"व्हय म्हाराजा," मी ओरडलो. आजोबांचा आवाज निघाला. पटांगणातला ढोल थांबला असेल.

सगळा गोल माझ्याकडे बघायला लागला. तन्वीनं हात जोडलेलेच ठेवले, नुसती मान वळवली.

"सर, माजा अजून संपला नाय. तुमी जरा गप ऱ्हावा."